सकाळी वॉर्ड, दुपारी मैदान : डॉ. एडी अँडरसनची गोष्ट

 

आजचा प्रश्न आधीच सांगून टाकू. समजा, तुमच्या कॉलेजच्या टीमचा कोच स्वतः डॉक्टर आहे. मॅच अटीतटीची चाललीये. तुमचा सगळ्यात भारी खेळाडू खांदा धरून उभा आहे. आता त्या कोचनं काय बघायचं? स्कोअरबोर्ड की खांदा?

असा माणूस खरोखर होऊन गेला. एडी अँडरसन त्याचं नाव. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या २०१ मॅच त्यानं कोच म्हणून जिंकल्या, आणि त्यातली बहुतेक वर्षं तो दवाखान्यातही काम करत होता. सकाळी पेशंट, दुपारी पोरं. आज त्याचीच गोष्ट.

आधी खेळ कुठला ते बघू

फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मेस्सी येतो. हा तो खेळ नाही. अमेरिकन फुटबॉलचा बॉल लांबट असतो, तो हातात घेऊन पळायचा किंवा फेकायचा, आणि समोरचे अकराजण तुम्हाला अक्षरशः आडवं करायला टपलेले असतात. बॉल घेऊन शेवटची रेघ ओलांडली की टचडाउन, म्हणजे ६ पॉइंट. त्यानंतर बॉल खांबांमधून लाथाडला की अजून १. आणि समोरच्याला त्याच्याच रेघेच्या मागे बॉलसकट पाडलं, तर त्याला सेफ्टी म्हणतात, त्याचे २. मॅच ६० मिनिटांची, पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर. आजच्यापुरतं एवढं पुरे.

खेळ किती धोक्याचा होता? १९०५ च्या एका हंगामात अमेरिकेत किमान १८ खेळाडू फुटबॉल खेळताना दगावले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसवर बोलावून सुनावलं. पुढच्या वर्षी नियम बदलले, बॉल पुढे फेकायला परवानगी मिळाली, म्हणजे सगळ्यांनी एकाच ठिकाणी घुसून एकमेकांना चिरडायचं प्रमाण कमी झालं. कॉलेजच्या खेळांवर लक्ष ठेवणारी आजची एनसीएए ही संस्थाही याच गोंधळातून जन्मली.

आता गंमत बघा. अशा हाडं मोडणाऱ्या खेळाचे बरेच जुने कोच डॉक्टर होते. मिनेसोटाचे हेन्री विल्यम्स डॉक्टर. ओहायो स्टेटचे जॉन विल्सी डॉक्टर, त्यांनी तर पुढे कोचिंग सोडून पूर्णवेळ डॉक्टरकीच धरली. पिट्सबर्गचे जॉक सदरलंड दातांचे डॉक्टर. कारण साधं होतं. फुटबॉलचा हंगाम सप्टेंबर ते नोव्हेंबर. बाकीचे नऊ महिने पोट भरायला दुसरं काहीतरी लागायचं. कोचिंग ही तेव्हा बऱ्याच जणांसाठी जोडनोकरी होती.

रॉकनीचा चेला

एडीचा जन्म १३ नोव्हेंबर १९०० चा, आयोवा राज्यातल्या ओस्कालूसा गावचा. लहानाचा मोठा झाला तो त्याच राज्यातल्या मेसन सिटीत. आयोवा म्हणजे मक्याची शेतं. आपल्याकडे मैलोन् मैल ऊस दिसतो ना, तसा तिथे मका.

१९१८ मध्ये तो नोटर डेम विद्यापीठात गेला. त्याच वर्षी तिथे नवा मुख्य कोच आला होता, क्नूट रॉकनी. अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासात हे नाव आपल्याकडच्या रमाकांत आचरेकर सरांसारखं घेतलं जातं, म्हणजे स्वतःपेक्षा शिष्यांमुळे जास्त मोठं झालेलं. एडी या टीमचा एंड होता, रांगेच्या टोकाला खेळणारा. १९१९ आणि १९२० या दोन्ही वर्षांत नोटर डेम एकही मॅच हरली नाही.

त्या टीमचा हिरो होता जॉर्ज गिप. १९२० चा हंगाम संपता संपता गिपचा घसा बसला. इन्फेक्शन झालं, न्यूमोनिया झाला, आणि १४ डिसेंबर १९२० ला तो गेला. वय २५. आज आपण ज्याला 'अरे, पाच दिवसांचा कोर्स घे, बरं होईल' म्हणतो, तसल्या आजारानं देशातला सगळ्यात गाजलेला कॉलेज खेळाडू मेला. पेनिसिलिनचा शोधच लागायला अजून आठ वर्षं होती. एडी तेव्हा वीस वर्षांचा.

पुढच्या वर्षी एडी कॅप्टन झाला. त्या हंगामात नोटर डेमनं ११ पैकी १० मॅच जिंकल्या आणि एकच हरली. ऑक्टोबर १९२१, स्कोअर १०-७, हरवणारी टीम होती आयोवा. म्हणजे एडीच्या स्वतःच्या राज्याची टीम! आयोवाकडून त्या दिवशी ड्यूक स्लेटर नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू हेल्मेट न घालता खेळला. तो एकटा समोरच्या रांगेला रेटतोय, असा त्या मॅचचा फोटो आजही अमेरिकेत दाखवतात. हा स्लेटर पुढे वकील झाला आणि शिकागोत न्यायाधीश.

ही १०-७ लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

शिकागोतली तारेवरची कसरत

नोटर डेममधून बाहेर पडल्यावर एडीनं डबुक गावच्या कोलंबिया कॉलेजात तीन वर्षं कोचिंग केलं. पण डोक्यात डॉक्टरकी होती. तो शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजात शिकायला लागला, आणि १९२५ पासून त्याच शहरातल्या डी पॉल विद्यापीठाचा कोचही झाला. हे कमी होतं म्हणून की काय, याच काळात तो शिकागो कार्डिनल्स या व्यावसायिक टीमकडून खेळलासुद्धा.

एमबीबीएस करणारा तुमचा मित्र आठवा. तो व्हॉट्सॲपवर रिप्लाय द्यायलाही तीन दिवस लावतो. आणि हा गडी मेडिकलचा अभ्यास करत होता, कॉलेजच्या पोरांना शिकवत होता आणि पैसे घेऊन स्वतःही खेळत होता. १९२९ मध्ये तो डॉक्टर झाला. कोचिंगच्या पैशांवर मेडिकलचं शिक्षण निघालं, असं सरळ म्हणता येईल.

एडीपासून इथून पुढे आपण अँडरसन म्हणू, डॉक्टर झाले ना आता!

१९३३ मध्ये अँडरसन मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वुस्टर शहरात, होली क्रॉस कॉलेजात आले. इथे सहा वर्षांत त्यांच्या टीमनं ४७ मॅच जिंकल्या आणि फक्त ७ हरल्या. १९३५ आणि १९३७ ही दोन वर्षं तर एकही हार नाही. त्याच सुमारास ते बॉस्टनच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात कान-नाक-घशाचा दवाखाना सांभाळत होते. दोन्ही कामं एकदम, आणि दोन्हीकडे नाव.

१९३९ : लोखंडी पोरं

आता गोष्ट येते आयोवाला. आयोवा विद्यापीठाची टीम तेव्हा पार तळाला गेली होती. १९३७ आणि १९३८ अशी दोन वर्षं मिळून १६ मॅच, त्यातल्या जिंकल्या फक्त २. देशात मंदी होती, राज्यातला शेतकरी मेटाकुटीला आलेला. अशा वेळी आयोवानं आपल्याच मातीतल्या डॉक्टरला बोलावलं. अँडरसन आले, पण हॉस्पिटल सोडून नाही. सकाळी विद्यापीठाच्या हॉस्पिटलात युरॉलॉजीचं काम, म्हणजे किडनी आणि मूत्रमार्गाचे आजार, त्यांच्या शस्त्रक्रिया. दुपारनंतर मैदान.

टीम हातात आली तेव्हा अडचण कळली. दमदार खेळाडू मोजकेच होते. आणि त्या काळचा नियम कडक होता. एका क्वार्टरमध्ये खेळाडूला बाहेर काढलं की त्याच क्वार्टरमध्ये परत आत घेता यायचं नाही. आजच्यासारखं हल्ल्याला वेगळे अकरा आणि बचावाला वेगळे अकरा असं काही नव्हतं. तेच अकराजण पळायचे, तेच पाडायचे, तेच लाथ मारायचे.

मग अँडरसननी काय केलं? पोरांकडून उन्हाळ्याआधी आणि हंगामाच्या तोंडावर एवढी मेहनत करून घेतली, की ती पूर्ण साठ मिनिटं मैदानावर टिकावीत. बदली खेळाडू जवळपास नाहीच. लोकांनी या टीमला नाव दिलं 'आयर्नमेन', लोखंडी माणसं.

यातला सगळ्यात मोठा लोखंडी माणूस अंगानं अगदी बेताचा होता. नाइल किनिक, वय २१, अभ्यासात पहिल्या रांगेतला. पळायचा तोच, फेकायचा तोच, लाथ मारायचा तोच, बचावालाही तोच.

हंगाम सुरू झाला. साउथ डकोटाला ४१-० हरवलं. इंडियानाला ३२-२९. मग मिशिगननं २७-७ अशी धूळ चारली. पुढे विस्कॉन्सिनला १९-१३. परड्यूविरुद्धचा स्कोअर तर ऐका, ४-०! म्हणजे टचडाउन एकही नाही, फक्त दोन सेफ्टी. पोरं दमलेली, पण समोरच्याला हलू द्यायला तयार नाहीत.

आणि मग ११ नोव्हेंबर १९३९. आयोवाच्या मैदानावर आली नोटर डेम. तोपर्यंत न हरलेली. अँडरसनचं स्वतःचं कॉलेज, जिथे ते रॉकनीच्या हाताखाली घडले, जिथे त्यांनी कॅप्टनकी केली. आठवतं ना १०-७? कॅप्टन म्हणून आयोवाकडून हरलेला तो मुलगा अठरा वर्षांनी आयोवाच्या बाजूनं उभा होता.

पहिला हाफ संपताना किनिकनं टचडाउन केला आणि वरचा १ पॉइंटही त्यानंच लाथेनं मिळवला. ७-०. शेवटच्या क्वार्टरमध्ये नोटर डेमनं टचडाउन केला, पण त्यांची जादा पॉइंटची किक हुकली. ७-६. शेवटच्या मिनिटांत किनिकनं ६३ यार्डांची एक लाथ मारली आणि नोटर डेम थेट आपल्याच रेघेपाशी ढकलली गेली. मॅच तिथेच संपली म्हणा.

पुढच्या शनिवारी मिनेसोटा. तीन क्वार्टर संपले तेव्हा आयोवा ०-९ नं मागे. शेवटच्या पंधरा मिनिटांत किनिकचे दोन पास, दोन टचडाउन. १३-९.

शेवटची मॅच नॉर्थवेस्टर्नशी. तिसऱ्या क्वार्टरमध्ये किनिकचा खांदा निखळला आणि तो बाहेर गेला. मॅच ७-७ अशी सुटली.

इथे जरा थांबून हिशोब करू. इंडियानाच्या मॅचपासून मिनेसोटाच्या मॅचपर्यंत सलग ६ मॅच, एकेक ६० मिनिटांची. झाली ३६० मिनिटं. नॉर्थवेस्टर्नविरुद्ध अजून ४२. एकूण ४०२ मिनिटं हा मुलगा एकदाही मैदानाबाहेर गेला नव्हता. टीमच्या १३० पॉइंटपैकी १०७ पॉइंटमध्ये त्याचा थेट हात किंवा पाय होता. गेल्याला तो थांबला, तेही खांद्यानंच थांबवलं.

आयोवाचा निकाल : ६ जिंकल्या, १ हरली, १ बरोबरी. अँडरसन त्या वर्षीचे देशातले सर्वोत्तम कोच ठरले. किनिकला हाइजमन ट्रॉफी मिळाली, कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान.

आता अवघड प्रश्न

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथपर्यंतच सांगतात. टाळ्या, पडदा. पण आपण सुरुवातीला एक प्रश्न विचारला होता.

दमलेल्या शरीराला दुखापत लवकर होते, हे डॉक्टरला कुणी सांगायला नको. चार शनिवार साठ-साठ मिनिटं आदळआपट केलेल्या मुलाचं शरीर पाचव्या शनिवारी कसं असेल, हे स्टेडियममधल्या हजारो लोकांपेक्षा अँडरसनना जास्त कळत होतं. तरी साठ मिनिटांची पद्धत त्यांचीच होती.

त्यांच्या बाजूनंही बोलायला हवं. खेळाडू कमी होते, नियम आडवा होता, आणि प्रत्येक टीमचे मुख्य खेळाडू तेव्हा बराच वेळ मैदानावर असायचेच. पोरांना आधी तयार न करता साठ मिनिटं उभं केलं असतं, तर तो निष्काळजीपणा झाला असता. अँडरसननी आधी शरीर घडवलं, मग त्याच्याकडून काम घेतलं. शरीराचं ज्ञान असलेला माणूसच हे करू शकला, असंही म्हणता येतं.

आणि त्या वेळचं वैद्यकीय ज्ञान किती होतं, तेही बघा. कॉलेज फुटबॉलमध्ये हेल्मेट सक्तीचं झालं तेच १९३९ मध्ये. तोपर्यंत कुणी उघड्या डोक्यानं खेळला तरी चालायचं. डोक्यावर वारंवार मार बसला तर पुढे मेंदू बिघडतो, हे हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी १९२८ मध्ये लिहिलं होतं, पण बॉक्सरांबद्दल. फुटबॉल खेळाडूच्या मेंदूत तसलीच हानी डॉ. बेनेट ओमालू यांना सापडली ती २००२ मध्ये, माइक वेबस्टर या खेळाडूच्या शवविच्छेदनानंतर. म्हणजे मधे पाऊण शतक गेलं.

म्हणून १९३९ च्या डॉक्टरला आजच्या पुस्तकातून प्रश्न विचारणं बरोबर नाही. पण एक प्रश्न तेव्हाही विचारता आला असता. मुलाला बाहेर काढायचं की नाही, हे ठरवणारा माणूस आणि मॅच जिंकली तर ज्याचं नाव होणार तो माणूस, हे दोघं एकच असावेत का?

आज अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजांच्या नियमांनी याचं उत्तर दिलंय. नाही. खेळाडू खेळायला तयार आहे की नाही, हा निर्णय टीमच्या डॉक्टरचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा. कोचनं त्यात बोलायचं नाही. म्हणजे अँडरसनच्या एका डोक्यात जी दोन माणसं राहत होती, त्यांना नियमानं वेगवेगळ्या खुर्च्यांवर बसवलंय.

माणूस वाईट असतो म्हणून हा नियम आलेला नाही. माणूस चांगला असला तरी शेवटच्या पाच मिनिटांत, ०-९ नं मागे असताना, त्याच्यातला कोच त्याच्यातल्या डॉक्टरपेक्षा मोठ्यानं बोलतो, म्हणून आलाय.

युद्ध, आणि दुसरी इनिंग

डिसेंबर १९३९ मध्ये न्यूयॉर्कला ट्रॉफी घेताना किनिकनं केलेलं भाषण अमेरिकेत अजून ऐकलं जातं. युरोपात तेव्हा युद्ध पेटलं होतं. आपण तिथल्या रणांगणावर नाही, तर इकडच्या खेळाच्या मैदानावर जन्मलो याबद्दल त्यानं देवाचे आभार मानले. व्यावसायिक टीमकडून खेळायला त्यानं नकार दिला, कायद्याच्या अभ्यासाला लागला, आणि पुढे नौदलात वैमानिक झाला. २ जून १९४३ ला व्हेनेझुएलाजवळ सरावाच्या उड्डाणात विमानातून तेल गळायला लागलं. त्यानं ते समुद्रात उतरवलं. किनिकचा देह सापडला नाही. पंचविसावा वाढदिवस पाच आठवड्यांवर आला होता. आयोवाच्या स्टेडियमला १९७२ पासून त्याचं नाव आहे.

अँडरसनही युद्धात गेले. १९४२ चा हंगाम संपल्यावर ते लष्कराच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. तिथे कोच नव्हता, फक्त डॉक्टर होता. समोर पुन्हा त्याच वयाची पोरं, किनिकच्या वयाची, पण आता त्यांना मैदानावर टिकवायचं नव्हतं, जगवायचं होतं.

१९४६ मध्ये ते आयोवाला परतले. पण १९३९ ची जादू परत आली नाही. आयोवातली त्यांची आठ वर्षं मिळून हिशोब ३५ विजय, ३३ पराभव, २ बरोबरी. ज्या गोष्टीमुळे जग त्यांना ओळखतं, ती मुळात आठ मॅचची गोष्ट आहे.

१९५० मध्ये ते पुन्हा होली क्रॉसला गेले आणि तिथे सलग पंधरा हंगाम राहिले. या काळात खेळ बदलत होता. कॉलेज फुटबॉल टीव्हीवर आला, पैसा आला, कोचिंग हळूहळू बारमाही नोकरी झाली. खेळाडू शोधत फिरा, फिल्म बघा, दात्यांना भेटा. दुपारी हॉस्पिटलातून मैदानावर येणारा कोच या चित्रात बसेनासा झाला. १९६४ चा हंगाम संपवून अँडरसन थांबले. एकूण २०१ विजय, १२८ पराभव, १५ बरोबरी. २०० चा टप्पा ओलांडलेले कोच तोवर मोजकेच होते.

फुटबॉल सुटलं, डॉक्टरकी सुटली नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात ते काम करत राहिले. १९७१ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना मान मिळाला, आणि २६ एप्रिल १९७४ ला फ्लोरिडात त्यांचं निधन झालं. वय ७३.

जाता जाता

अँडरसनकडे आजच्या कोचांकडे नसलेली एक गोष्ट होती. उद्या टीम हरली, कॉलेजनं काढून टाकलं, तरी त्यांच्या घरची चूल बंद पडणार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडीत पेशंट वाट बघत असणारच होते. ज्याचं पोट फक्त निकालावर चालतं, त्याला दुखऱ्या खांद्याकडे शांतपणे बघणं जास्त अवघड जातं. त्यामुळे दोन खुर्च्या वेगळ्या करणारा आजचा नियम मला पटतो, पण तो का लागला याचं एक कारण हेही आहे की मधल्या काळात कोचची खुर्ची फार महाग झाली.

आपल्याकडे शाळा-कॉलेजच्या कबड्डी, कुस्ती, क्रिकेटमध्ये 'स्प्रे मार आणि खेळ' हे कोण सांगतं? बहुतेक वेळा सरच सांगतात. डॉक्टर तिथे नसतोच. सर वाईट नसतात, पोरावर जीव असतो त्यांचा. पण प्रश्न तोच आहे, शंभर वर्षांपूर्वीचा.

तुम्ही कधी दुखापत घेऊन खेळलात का? कुणी सांगितलं होतं, की स्वतःच ठरवलं? आम्हाला व्हॉइस नोट पाठवा, निवडक अनुभव पुढच्या भागात ऐकवू.

तोवर गुडघे सांभाळा, आणि हा भाग तुमच्या त्या एमबीबीएसवाल्या मित्राला फॉरवर्ड करा. रिप्लाय तीन दिवसांनी येईल, पण येईल. भेटू पुढच्या भागात!